माहिती-साक्षरतेचा आराखडा

अमेरिकेंतील महाविद्यालयीन व संशोधन ग्रंथालयांच्या संघटनेनें २००० सालचीं आपलीं मानकें २०१६ सालीं रद्द केलीं व त्यांच्या जागीं माहिती-साक्षरतेचा नवा आराखडा स्वीकारला. कौशल्यांच्या यादीऐवजीं त्यांत सहा मूलभूत कल्पना मांडल्या आहेत. ग्रंथाचें प्रामाण्य संदर्भावरून ठरतें, संशोधन म्हणजे एका प्रश्नांतून दुसरा प्रश्न उकलीत जाणें, हे विचार आम्हांस मोलाचे वाटतात. परंतु ते वर्गांत उतरवावयाचे कोणीं? प्राध्यापकानें ग्रंथपालास वर्षांतून एक तास देऊन आपली सुटका करून घेतली, तर विद्यार्थी कपाटांची वाट शिकेल. पुराव्याची पारख शिकणार नाहीं. इंडियाना प्रांतांतील अर्लहॅम महाविद्यालयाचे १९६२ पासूनचे ग्रंथपाल इव्हान फार्बर यांनीं हें ओळखलें होतें. ग्रंथशोधाचें शिक्षण त्यांनीं प्राध्यापकांच्या सहकार्यानें त्या त्या विषयाच्या निबंधाशींच जोडलें. आराखड्याच्या परिशिष्टांत ग्रंथपाल व प्राध्यापक या दोघांसही सूचना आहेत, हें खरें. पण सूचना म्हणजे वेळापत्रक नव्हे. निबंधाचा विषय ठरतांना आणि तो तपासतांना ग्रंथपालास प्राध्यापकाशेजारीं स्थान मिळालें, तरच या सहा कल्पना विद्यार्थ्याच्या अंगीं मुरतील, असें आमचें स्पष्ट मत आहे.