खादरवरून कोहीकडे

मयूर विहार फेज वनहून गुलाबी मार्गिकेची मेट्रो सुटली की पुढचं स्टेशन थेट यमुनेपलीकडे, सराय काले खाँ. मधे नदी, पण खरं तर नदीपेक्षा तिच्या काठची भाजीची शेतंच डोळ्यांत भरतात. उतरून रिक्षा केली की जवळच सुंदर नर्सरी. आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना हुमायूनची कबर बघायची असते. तिच्या शेजारच्या या फाटकाकडे कुणी ढुंकून बघत नाही. ‘नर्सरी’ म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर गुलाबाची कलमं येतात, त्यांचा तरी काय दोष!

मुघल काळातली ही अझीम बाग. 1911 मध्ये राजधानी दिल्लीला आणायचं ठरलं, आणि नव्या रस्त्यांच्या सावलीची तालीम इथे सुरू झाली: कुठलं झाड मे महिन्यातली लू सोसेल, कुठलं पहिल्याच उन्हाळ्यात मान टाकेल. पुढे बाग विस्कटली. 2007 नंतर आगा खान ट्रस्ट फॉर कल्चरने सरकारी खात्यांबरोबर ती पुन्हा उभी केली, आणि 2018 मध्ये ही 90 एकरांची बाग लोकांना खुली झाली. आराखडा मोहम्मद शहीर यांचा. तो दिवस बघायला ते नव्हते. 2015 मध्येच गेले.

पहिल्या भेटीत सगळेच मधल्या लांबलचक वाटेवर रमतात. उंचावलेला दगडी रस्ता, पाण्याचे पाट, संगमरवरी कारंजी, गालिच्यासारखे वाफे. डावीकडे जे, तेच उजवीकडे. रचना देखणी आहे, पण मला ती जरा घोटून पाठ केल्यासारखी वाटते. सुंदरवाला बुर्जात मात्र थांबावं. आत शिरून मान वर केली की छतभर चुन्यात कोरलेल्या चांदण्या. बाहेरच्या उन्हानंतर डोळे निवायला क्षणभर लागतो. मग एकेक चांदणी दिसू लागते.

या बागेतली खरी कविता मात्र जमिनीवर आहे. जुन्या दिल्लीकरांनी आपल्या भूमीचे चार प्रकार ओळखले होते: कोही म्हणजे अरवलीचा खडक, बांगर म्हणजे पुराच्या पाण्याच्या वरची जुनी, कंकर मिसळलेली गाळजमीन, खादर म्हणजे नदीने अलीकडे आणून टाकलेला गाळ, आणि डाबर म्हणजे पाणथळ सखल भाग. इथे या चौघांचे नमुने शेजारी शेजारी मांडले आहेत. मराठी कानाला यात वेगळीच गंमत. बांगर आपल्याकडे आडनाव, डाबरला आपला डबरा जवळचा वाटतो, खादरला आपण मळई म्हणू. कोहीपाशी मी रेंगाळतो. दिल्लीच्या टेकड्यांचं झाड म्हणजे धौ, आपल्या धावड्याचा भाऊबंद. पान बारीक, फांद्या खाली झुकलेल्या, आणि वाढ इतकी सावकाश की माळ्याचा धीर सुटावा. गुरांनी खाल्लं तर जमिनीलगत पसरून राहतं, सवड मिळाली की उठतं. मधल्या वाटेवरचं झाड माळ्याच्या मर्जीतलं, हे खडकाच्या.

म्हणून मला ही बाग उलट्या क्रमाने वाचावीशी वाटते. आधी माती, मग झाड, शेवटी बुर्ज. तीनशेच्या वर जातींची झाडं इथे आहेत म्हणतात. सगळ्यांच्या पाट्या वाचत बसलं तर संध्याकाळ होईल, आणि हाती नुसती नावं राहतील.

परतताना मेट्रोतून पुन्हा तीच शेतं. आमच्या शेजारच्या गावाचं नावच चिल्ला खादर, हे इतकी वर्षं नुसतं पत्त्यात लिहिण्यापुरतं होतं. घरी आल्यावर बाल्कनीतल्या प्राजक्ताच्या कुंडीतली माती चिमटीत घेतली. रस्त्यावरच्या रोपवाल्याकडून आणलेली. पाणी शिंपडून गोळा करून पाहिला. होईना, बोटांमधून भुरभुर सांडली. वाळूच जास्त.