उरलेली नाणी आणि आटलेली नाणी : एका गाजलेल्या पेपरची चिकित्सा

पीएचडीच्या मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो : ‘तुमचं सॅम्पल नेमकं कशाचं प्रतिनिधित्व करतं?’ मी विज्ञानशाखेतला असलो तरी हा प्रश्न समजून घ्यायला मला सगळ्यात उपयोगी पडलेला पेपर इतिहासाचा आहे. अझिझा हसन यांनी तो १९६९ मध्ये ‘इंडियन इकॉनॉमिक अँड सोशल हिस्टरी रिव्ह्यू’मध्ये लिहिला. मुघल टांकसाळींतून किती चांदीचे रुपये पडले आणि त्याचा किमतींशी काय संबंध होता, हा त्याचा विषय.

आपल्या खानदेशाचा इथे थेट संबंध येतो. १५४५ मध्ये पोटोसीचा (आजचा बोलिव्हिया) चांदीचा डोंगर स्पॅनिशांच्या हाती लागला. तिथली आणि मेक्सिकोची चांदी युरोपमार्गे, कापड-मसाल्यांच्या मोबदल्यात, सुरतेला उतरू लागली. व्यापारी ती टांकसाळीत द्यायचे आणि तिथे ती आटवून तिचे रुपये पाडले जायचे. सुरतेहून नवापूर, नंदुरबार करत एक मोठी वाट बुऱ्हाणपूरला जायची. बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे, पण तेव्हा ते खानदेश सुभ्याचं मुख्य शहर होतं आणि तिथे टांकसाळही होती.

दरवर्षी किती रुपये पाडले, याच्या सलग नोंदी मिळत नाहीत. मग हसन यांनी काय केलं? संग्रहालयांच्या सूचींमधली नाणी मोजली. मुघल रुपयावर टांकसाळीचं नाव आणि साल असतं, त्यामुळे वर्षवार मांडणी करता येते. ज्या काळातली नाणी जास्त उरली, त्या काळात जास्त पाडली असणार, असा तर्क. नोंदी नाहीत म्हणून हात टेकण्याऐवजी त्यांनी मोजता येईल अशी गोष्ट शोधली, याचं श्रेय द्यायलाच हवं.

अडचण पुढे आहे. संग्रहालयाला विविधता हवी असते. एकाच छापाची शंभर नाणी कोण कशाला ठेवील? म्हणजे दुर्मीळ वर्षं फुगतात, भरपूर नाण्यांची वर्षं आक्रसतात. १९७६ मध्ये त्याच नियतकालिकात जॉन डेयेल यांनी या पद्धतीची चिकित्सा केली. १९८७ मध्ये शिरीन मूसवी यांनी उत्तर प्रदेशात सापडलेल्या गुप्तधनातली नाणी आधाराला घेतली. हे सॅम्पल बरं, कारण ते कुणी हौसेने निवडलेलं नाही. तरी बुऱ्हाणपूरचा रुपया तिकडे सापडला, तर तो तिथवर पोचला एवढंच कळतं. खानदेशात किती राहिले, ते कळत नाही.

माझा मुख्य आक्षेप मात्र आटणीचा आहे. जळगाव-धुळ्याच्या सराफ बाजारात मोड मुशीत जाते आणि तिचा नवा दागिना होतो. मुघल काळातही जुन्या सालाच्या रुपयाला बट्टा लागायचा, म्हणून तो पुन्हा टांकसाळीत जायचा. दागिन्यांसाठीही रुपये आटायचे. मग प्रत्येक वर्षाचं नाणं टिकण्याची शक्यता सारखी कशी राहील? आणि ती सारखी धरल्याशिवाय हा हिशेब उभाच राहत नाही. उलट उदाहरण पुतळीचं. व्हेनिसच्या साधारण साडेतीन ग्रॅमच्या सोन्याच्या नाण्याला आपल्याकडे पुतळी म्हणत. तिला कडी लागली की ती माळेत ओवली जायची : मूस टळली, पण चलनही सुटलं.

रसायनशास्त्राने हे सुटेल? २०११ मध्ये ९१ नाण्यांच्या समस्थानिकांवरून स्पेनच्या नाण्यांत मेक्सिकोची चांदी कशी शिरली, हे दाखवलं गेलं. पण आपल्या रुपयात अनेक ठिकाणची चांदी एकत्र आटलेली असू शकते, त्यामुळे तिथे मिश्रणाचीच खूण मिळेल.

म्हणून हसन यांचा पेपर फेकून द्यायचा का? मुळीच नाही. त्यातला चढ-उताराचा कल घ्या, नेमक्या आकड्यांवर भार टाकू नका. संग्रहालय आणि गुप्तधन यांतले दोष वेगवेगळे आहेत. त्यामुळे दोन्हीकडे एकच कल दिसला, तर त्यावर जास्त विश्वास ठेवता येतो.

आता तुमच्या प्रस्तावाकडे वळा. केळीच्या रोगाचे नमुने फक्त रस्त्यालगतच्या शेतांतून घेणार आहात? रोग पाहून शेतकऱ्याने आधीच उपटून टाकलेली झाडं त्यात येणार नाहीत. ती झाडं म्हणजे तुमची आटलेली नाणी. त्यांच्यावर एक परिच्छेद मुलाखतीआधी लिहून ठेवा.