अफूचा करार आणि त्याचीं भाष्यें

नवा ग्रंथ निघाला कीं त्याचें परीक्षण होतें; राष्ट्राराष्ट्रांतील करारांच्या वांट्याला तें भाग्य येत नाहीं. वस्तुतः ज्या मजकुरावर लक्षावधि लोकांचा कारावास आणि लक्षावधि रोग्यांच्या वेदना अवलंबून आहेत, तो एखाद्या कादंबरीइतका तरी बारकाईनें वाचला गेला पाहिजे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या विद्यमानें १९६१ सालीं झालेला मादक द्रव्यांविषयींचा एकत्रित करार आम्हीं अलीकडे याच दृष्टीनें वाचला.

त्याच्या प्रस्तावनेंत दोन प्रतिज्ञा आहेत. वेदनाशमनासाठीं हीं द्रव्यें अपरिहार्य असून तीं रोग्यास मिळण्याची तजवीज झाली पाहिजे, ही पहिली. व्यसन हें घोर अरिष्ट असून त्याच्याशीं झुंजणें हें कर्तव्य आहे, ही दुसरी. पहिलींत वैद्य बोलतो, दुसरींत कोतवाल. आणि राज्यकर्त्यांनीं ऐकलें तें बहुधा कोतवालाचेंच. कायदेशीर अफू पिकविणाऱ्या मोजक्या देशांत आपली गणना होते. तरीही १९८५ च्या कायद्यानंतर परवान्यांच्या जंजाळामुळें कर्करोगानें तळमळणाऱ्या रोग्यास मॉर्फिन मिळणें दुर्घट झालें, आणि २०१४ सालीं तो कायदा सुधारावा लागला.

व्याख्याही अशाच बोलक्या आहेत. गांजाच्या व्याख्येंतून नुसतीं पानें वगळलीं, त्यामुळें आमच्या भांगेला वाट राहिली. परंतु दक्षिण अमेरिकेंतील पहाडी लोकांचें कोकाचें पान चघळणें पंचवीस वर्षांत बंद व्हावें असें ठरलें. एकाच्या रूढीला आडोसा आणि दुसऱ्याच्या रूढीला फांस, याचें समर्थन आम्हांस तरी करारांत सांपडलें नाहीं.

अशा सूत्रावर निरनिराळीं भाष्यें होणारच. बोलिव्हियानें २०११ सालीं करार सोडण्याची नोटीस दिली व २०१३ सालीं कोकाच्या पानाचा हक्क राखून तो पुन्हा स्वीकारला. पोर्तुगालनें २००१ पासून स्वतःपुरतें अल्प द्रव्य बाळगणाऱ्यास गुन्हेगार मानणें सोडलें. उरुग्वे २०१३ सालीं व कॅनडा २०१८ सालीं याही पुढें गेले आणि त्यांनीं गांजाची विक्रीच कायदेशीर केली. याला भाष्य कसलें, हा पाठभेदच म्हणावयाचा! उलट, अमेरिकेंतील ऑरेगन संस्थानानें २०२० सालीं लोकमतानें काढलेली शिक्षा २०२४ सालीं पुन्हा आणली. शिक्षा गेली, पण उपचार वेळेवर उभे राहिले नाहींत.

यांतून आम्हांस एक भय वाटतें. मूळ मजकूर बदलण्याचें धैर्य कोणी करीत नाहीं. जो तो आपापल्या भाष्यावर वेळ निभावून नेतो. असें फार दिवस चाललें तर करार नांवापुरता उरेल, आणि त्याबरोबर रोग्याला दिलेलें वचनही बुडेल. म्हणून राष्ट्रांनीं पुन्हा एकत्र बसून दुसरी प्रतिज्ञा नव्यानें लिहावी. पहिली उत्तमच लिहिलेली आहे. ती फक्त पाळावयाची राहिली आहे.