विघातक कृत्य की अनधिकृत प्रत? : संगीतचाचेगिरी आणि महाराष्ट्राचा स्थानबद्धता कायदा

महाराष्ट्राच्या १९८१ च्या एका अधिनियमाचे नाव दुरुस्त्यांसरशी लांबत गेले आहे. ‘महाराष्ट्र झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, औषधीद्रव्यविषयक गुन्हेगार, धोकादायक व्यक्ती, दृकश्राव्य कलाकृतींचे विनापरवाना प्रदर्शन करणाऱ्या व्यक्ती, वाळू तस्कर व अत्यावश्यक वस्तूंचा काळाबाजार करणाऱ्या व्यक्ती यांच्या विघातक कृत्यांना आळा घालण्याबाबतचा अधिनियम’ असे ते आज वाचावे लागते. व्यवहारात त्याला ‘एमपीडीए’ म्हणतात. जळगाव व धुळे जिल्ह्यांतील वाचकाला हा कायदा वृत्तपत्रांतून भेटतो तो गिरणा-तापीच्या पात्रातील वाळू, गावठी दारूच्या भट्ट्या आणि वारंवार दहशत माजवणाऱ्या गुंडांच्या संदर्भात. याच यादीत २००९ च्या दुरुस्तीने चित्रपटांच्या व गाण्यांच्या अनधिकृत प्रती करणारा माणूस दाखल झाला, याकडे मात्र फारसे लक्ष गेलेले नाही.

या दुरुस्तीची चर्चा झाली ती बहुधा चित्रपटसृष्टीच्या नुकसानीच्या अंगाने. नुकसान खरे आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु शासनाने निवडलेला उपाय शिक्षेचा नसून शिक्षेच्या आधीच्या बंदिवासाचा आहे. या भेदाची चिकित्सा केल्याशिवाय दुरुस्तीचे मूल्यमापन होऊ शकत नाही.

सामान्य कायदा काय सांगतो, हे प्रथम पाहिले पाहिजे. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ६३ नुसार जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनास किमान ६ महिने व कमाल ३ वर्षे कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. कृत्य धंद्यातील नफ्यासाठी झालेले नसेल, तर विशेष कारणे नोंदवून किमान मर्यादेखाली शिक्षा देण्याची मुभा न्यायालयाला आहे. कलम ६४ अन्वये पोलिस उपनिरीक्षकही वॉरंटशिवाय अनधिकृत प्रती जप्त करू शकतो. २०२२ मध्ये ‘निट प्रो इंटरनॅशनल’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कलम ६३ खालील गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र ठरवला. म्हणजे सामान्य कायदा दुबळा आहे, असे म्हणण्यास जागा नाही. मात्र त्यात आरोपपत्र आहे, साक्षीपुरावा आहे, उलटतपासणी आहे आणि ‘जाणूनबुजून’ हा शब्द आहे. आपण विकलेली प्रत अनधिकृत होती हे विक्रेत्यास ठाऊक होते, हे सरकारपक्षाला सिद्ध करावे लागते.

एमपीडीएमध्ये यातले काहीच नाही. शासनाने अधिकार दिलेला जिल्हादंडाधिकारी अथवा पोलिस आयुक्त आपले ‘समाधान’ नोंदवून स्थानबद्धतेचा आदेश काढतो. राज्य शासनाने १२ दिवसांत त्यास मान्यता द्यावयाची, कारणे ५ दिवसांत कळवावयाची, ३ आठवड्यांत प्रकरण सल्लागार मंडळापुढे ठेवावयाचे आणि एकूण स्थानबद्धता १२ महिन्यांपर्यंत चालू शकते. सल्लागार मंडळापुढे वकिलामार्फत बाजू मांडण्याचा हक्क स्थानबद्ध व्यक्तीला नाही. कलम ६३ खाली दोषी ठरलेल्यास किमान शिक्षा ६ महिने आणि एमपीडीएखाली दोष सिद्ध न होताच त्याच्या दुप्पट काळ कारागृह, अशी ही तुलना होते. तीही पूर्ण नाही, कारण स्थानबद्धता संपली तरी मूळ खटला उभा राहतोच.

राज्याने हा मार्ग का धरला? याचे उत्तर राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत सापडते. कॉपीराइट हा विषय संघसूचीच्या नोंद ४९ मध्ये आहे. त्यावरील शिक्षा वाढवण्याचा अधिकार संसदेचा. ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ मात्र राज्यसूचीची पहिली नोंद आहे आणि तिच्या रक्षणासाठीची प्रतिबंधात्मक स्थानबद्धता समवर्ती सूचीच्या नोंद ३ मध्ये येते. चित्रपटाची तबकडी नकलून विकणे हा खाजगी मालमत्तेचा प्रश्न राहिला तर राज्य विधिमंडळाला त्यात वाव उरत नाही. तोच सार्वजनिक सुव्यवस्थेचा प्रश्न मानला की वाव मिळतो. तामिळनाडूने २००४ मध्ये आपल्या १९८२ च्या ‘गुंडा कायद्या’त ‘व्हिडिओ पायरेट’ हा शब्द घातला तो याच वाटेने. कर्नाटकाने आपल्या तशाच कायद्यात ‘डिजिटल गुन्हेगार’ ही कोटी २०१४ मध्ये समाविष्ट केली. महाराष्ट्राची दुरुस्ती या मालिकेतली आहे.

खरी अडचण येथेच आहे. सार्वजनिक सुव्यवस्था आणि कायदा व सुव्यवस्था यांतील फरक सर्वोच्च न्यायालयाने राममनोहर लोहिया प्रकरणात (१९६६) स्पष्ट केला. न्या. हिदायतुल्ला यांनी त्यासाठी एकात एक असलेल्या तीन वर्तुळांची कल्पना योजली. सर्वांत मोठे वर्तुळ कायदा व सुव्यवस्थेचे, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचे आणि सर्वांत आत राज्याच्या सुरक्षिततेचे. मोठ्या वर्तुळातील प्रत्येक कृत्य आतल्या वर्तुळात येतेच असे नाही. अरुण घोष प्रकरणात (१९७०) कसोटी अधिक नेमकी झाली: कृत्याने समाजजीवनाचा सम गतीने चाललेला ओघ किती विस्कळीत झाला, हे पाहावयाचे. या कसोटीवर धुळ्याच्या बसस्थानकाबाहेर गाण्यांची तबकडी विकणारा माणूस कोठे बसतो? त्याच्यामुळे निर्मात्याचे उत्पन्न घटते. पण रस्ता बंद पडत नाही, कोणी घराबाहेर पडण्यास भीत नाही.

ही दरी अधिनियमाने एका स्पष्टीकरणाने भरून काढली आहे. कलम २ मधील या स्पष्टीकरणानुसार संगीताच्या अथवा चित्रपटाच्या अनधिकृत प्रती तयार करून व वितरित करून समाजजीवनात व्यत्यय आणला आणि त्यामुळे प्रशासनावरील विश्वास उडाला, तर सार्वजनिक सुव्यवस्थेवर विपरीत परिणाम झाला असे मानले जाते. ‘मानले जाते’ या शब्दांनी वस्तुस्थितीची जागा कायदेशीर कल्पिताने घेतली आहे. त्यातही प्रशासनावरील विश्वास हा दुवा विलक्षण म्हणावा लागतो. एखाद्या गाण्याची प्रत फुटली म्हणून जिल्हाधिकारी कार्यालयावरील कोणाचा विश्वास उडतो, हे कळणे कठीण आहे. सर्वोच्च न्यायालयाने ‘रेखा विरुद्ध तामिळनाडू राज्य’ (२०११) या प्रकरणात, सामान्य कायद्याने परिस्थिती हाताळता येत असेल तर प्रतिबंधात्मक स्थानबद्धता बेकायदेशीर ठरते, असे म्हटले आणि ‘अमीना बेगम’ प्रकरणात (२०२३) अशा कायद्यांच्या सरसकट वापरावर कडक शब्दांत टीका केली. या निर्णयांच्या प्रकाशात ‘व्हिडिओ पायरेट’ची तरतूद कागदावर टिकली, तरी तिच्याखालील आदेश टिकवणे शासनाला सोपे नाही.

अधिनियमाच्या भाषेतही विसंगती आहे. मराठी नावात ‘विनापरवाना प्रदर्शन’ आहे. व्याख्येत मात्र चित्रपटाच्या, अथवा चित्रपटाशी निगडित ध्वनिपट्टीचा अंश असलेल्या मुद्रणाच्या, कॉपीराइटचा भंग आहे. प्रदर्शन आणि प्रतिलिपी ही भिन्न कृत्ये होत. व्याख्येत संरक्षण आहे ते चित्रपटगीताला. चित्रपटाबाहेरच्या स्वतंत्र गीताचा तीत उल्लेख नाही. स्पष्टीकरणात ‘संगीत’ हा व्यापक शब्द आला, तरी व्यक्ती आधी व्याख्येत बसावी लागते.

खानदेशाच्या दृष्टीने हा तपशील क्षुल्लक नाही. येथील अहिराणी गीत हे प्रामुख्याने चित्रपटाबाहेरचे गीत आहे. कानबाईच्या उत्सवातील, लग्नातील, वरातीतील ही गाणी प्रथम ध्वनिफितींवर, नंतर तबकड्यांवर, पुढे मोबाइलच्या मेमरी कार्डांतून आणि आता यूट्यूबवरून फिरतात. पीटर मॅन्युएल यांनी ‘कॅसेट कल्चर’ (१९९३) या उत्तर भारताविषयीच्या ग्रंथात दाखवले की, स्वस्त ध्वनिफितीने मोठ्या कंपन्यांची व चित्रपटगीतांची मक्तेदारी मोडली आणि बोलीभाषांतील गाण्यांना बाजार मिळवून दिला. त्याच साधनाने अनधिकृत प्रतींचा धंदाही वाढला. खानदेशाबाबतही हा दुहेरीपणा ध्यानात ठेवावा लागतो. मेमरी कार्डात गाणी भरून देणारा मोबाइल-दुकानदार हा त्या गाण्याचा चोर होता आणि गावोगावचा वितरकही तोच होता. शेजारच्या मालेगावात ‘मालेगाव के शोले’ (२०००) सारखे विडंबनपट निघाले, तेही दुसऱ्याच्या कलाकृतीवर उभे राहूनच.

अशा व्यवहारात एमपीडीए कोणाचे रक्षण करतो? मुंबईच्या निर्मात्याचे हिंदी चित्रपटगीत पारोळ्याच्या दुकानात कोणी नकलले, तर दुकानदार स्थानबद्धतेच्या कक्षेत येतो. त्याच दुकानात पारोळ्याच्याच गायकाचे अहिराणी गीत नकलले गेले, तर व्याख्येनुसार तो ‘व्हिडिओ पायरेट’ ठरत नाही. उलट, त्या गायकाने स्वखर्चाने काढलेल्या तबकडीवर निर्मात्याचे नाव-पत्ता आणि प्रकाशनाचे वर्ष छापले नसेल, तर कॉपीराइट अधिनियमाच्या कलम ५२अ व ६८अ खाली तोच ३ वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र होतो. कायदा कडक केला की दुर्बळ कलावंताला बळ मिळते, हा समज येथे टिकत नाही.

लोकगीताच्या मालकीचा प्रश्न तर आणखी मागचा आहे. बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते; त्यांची गाणी मुखातून निघाली, इतरांनी टिपून घेतली आणि त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये ग्रंथरूपाने आली. टिपून घेणारा कोणी घरात नसता, तर कायद्याच्या दृष्टीने त्या गाण्यांना कर्ता उरला नसता. जात्यावरच्या आणि कानबाईपुढच्या असंख्य गाण्यांच्या बाबतीत असेच घडले आहे. अशा चालीवर नवे शब्द बसवून कोणी ध्वनिमुद्रण केले की त्या मुद्रणाचा मालक निर्माता होतो. चाल ज्यांच्या ओठांवर पिढ्यान्‌पिढ्या होती त्या स्त्रिया या हिशेबात येत नाहीत.

शासनांना संगीतचाचेगिरीने इतके अस्वस्थ करावे, हे केवळ भारतातच घडले असे नाही. २००३ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहात काँयर्स व बर्मन यांनी मांडलेल्या विधेयकात एकच फाइल सार्वजनिक जाळ्यावर ठेवल्यास ५ वर्षांपर्यंत कारावास सुचवला होता. त्याच वर्षी सिनेटर ऑरिन हॅच यांनी अशा व्यक्तींचे संगणक दूरवरून निकामी करण्याची कल्पना बोलून दाखवली. विधेयक संमत झाले नाही. फ्रान्सचे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. वारंवार अनधिकृत गाणी उतरवून घेणाऱ्याचे इंटरनेट तोडण्याचा अधिकार ‘हादोपी’ या प्रशासकीय संस्थेला देणारी तरतूद तेथील संविधान परिषदेने १० जून २००९ रोजी रद्द केली. अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्यावर असा आघात न्यायाधीशाशिवाय कोणालाही करता येणार नाही आणि निर्दोषत्वाचे गृहीतक उलटवता येणार नाही, अशी तिची भूमिका होती. ज्या वर्षी फ्रान्सने प्रशासनाला जोडणी तोडू दिली नाही, त्याच वर्षी महाराष्ट्राने प्रशासनाला माणूस वर्षभर कोंडण्याचा अधिकार दिला. (दोन्ही घटना एकाच वर्षीच्या असाव्यात, हा योगायोगच.)

भीतीच्या भाषेचा मोह महाराष्ट्रात न्यायालयापर्यंतही पोहोचला होता. २०१६ मध्ये ‘ढिशूम’ या चित्रपटाच्या संदर्भात अडवलेल्या संकेतस्थळांवर झळकणाऱ्या सूचनेतून, अनधिकृत प्रत नुसती पाहणे हाही ३ वर्षे कारावासाचा गुन्हा आहे, असा समज पसरला. मुंबई उच्च न्यायालयात न्या. गौतम पटेल यांनी ही भाषा दुरुस्त करावयास लावली. गुन्हा पाहण्यात नसून परवानगीविना वितरण, जाहीर प्रदर्शन, विक्री अथवा भाड्याने देणे यांत आहे, असे त्यांनी स्पष्ट केले. सामान्य प्रेक्षकाला गुन्हेगार म्हणण्याची ही घाई आणि दुकानदाराला विघातक म्हणण्याची घाई यांचे मूळ एकच दिसते.

निर्मात्यांचा युक्तिवाद असा की, पहिल्या आठवड्यातच उत्पन्नाचा मोठा भाग येतो. खटला वर्षानुवर्षे चालतो. तोवर नुकसान होऊन जाते. यात तथ्य आहे. परंतु ‘सैराट’च्या (२०१६) वेळी प्रत फुटल्याची तक्रार झाली, तेव्हा प्रश्न ती प्रत कोणाच्या हातून बाहेर पडली, हाच होता. प्रदर्शनाच्या सुमारास फुटणारी स्वच्छ प्रत पदपथावरचा विक्रेता तयार करीत नाही. ती निर्मिती-परीक्षण-वितरणाच्या साखळीतून कोठूनतरी निसटते. स्थानबद्धतेचा आदेश काढणे सोपे असते ते साखळीच्या शेवटच्या, दिसणाऱ्या माणसावर. संसदेने २०२३ मध्ये चलच्चित्र अधिनियमात केलेली दुरुस्ती याहून सुसंगत आहे: अनधिकृत चित्रीकरण व प्रक्षेपणास ३ महिने ते ३ वर्षे कारावास आणि किमान ३ लाख रुपयांपासून निर्मितीखर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड. शिक्षा जबर आहे, पण ती न्यायालय देते.

२०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट अधिनियमात गीतकार-संगीतकारांना स्वामित्वधनाचा समान वाटा आणि गायकांनाही त्यात हिस्सा मिळण्याची तरतूद झाली. कलम ६२ अन्वये मालक स्वतः राहतो वा व्यवसाय करतो तेथील जिल्हा न्यायालयात उल्लंघनाचा दावा लावू शकतो. अमळनेरच्या वा शिरपूरच्या कलावंताला त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. मात्र दाव्यासाठी आधी मालकी हवी, मालकीसाठी करार हवा आणि गाणे एकरकमी मोबदल्यावर देऊन टाकताना कलावंताच्या हाती सही केलेला एक कागद तरी यावयास हवा. तो कागद तयार करून देण्याची कोणतीही व्यवस्था एमपीडीएच्या कोणत्याही दुरुस्तीत नाही.