नाव आणि निभाव

काव्यातील नाव संदिग्ध असले तर रसिक त्यात ध्वनी शोधतो. परंतु चालत्या प्रेतांपासून जीव वाचवणे हेच ज्या खेळातील सारे कर्तव्य, तेथे नाव संदिग्ध असले तर खेळणारा प्राणास मुकतो. संगणकावरील अशा खेळांची भाषा टीकेस पात्र नाही असे मानणाऱ्या वाचकांनी एवढा भेद ध्यानात घ्यावा. येथे नाव हा अलंकार नसून ती सूचना होय.

२०१३ साली निघालेल्या ‘द लास्ट ऑफ अस’ या खेळात बुरशीने ग्रासलेल्या माणसांचे निरनिराळे प्रकार असून प्रत्येकास स्वतंत्र नाव आहे. त्यांपैकी ‘क्लिकर’ आंधळा असतो व टकटक असा ध्वनी काढीत सावज हुडकतो. त्या ध्वनीवरूनच त्याचे नाव पडले. तो कानी पडताच धावू नये, पाऊल न वाजवता सरकावे, हे नावच शिकवते. अशा सर्वांस ‘राक्षस’ म्हणून मोकळा होणारा भाषांतरकार खेळणाराचे निम्मे बळ हिरावून घेतो.

वस्तुतः ही विद्या आमच्या आज्यांस पुरती अवगत होती. चकवा वाट चुकवतो. आसरा पाण्यात राहतात. मुंज होऊन लग्नापूर्वी मेलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर वसतो. नाव उच्चारताच धोका कोठला व कसला ते कळते. आदित्य सरपोतदार यांच्या २०२४ सालच्या ‘मुंज्या’ या हिंदी चित्रपटाची निम्मी कथा नावातच आहे. त्यांच्याच २०२२ सालच्या मराठी ‘झोंबिवली’च्या नावाने डोंबिवलीची थट्टा छान साधते, पण त्या प्राण्याचा स्वभाव कळत नाही.

मग झोंबीस भूत का म्हणू नये? कारण भूत म्हणजे देह सुटलेला जीव, आणि झोंबी म्हणजे जीव सुटलेला देह. भुतास बंद दार अडवीत नाही, झोंबीस अडवते. प्रेतात शिरणारा वेताळ त्यातल्या त्यात जवळचा, परंतु तो कोडी घालतो. झोंबीस विचारच नाही. म्हणून आमच्या मते परका शब्दच ठेवावा. शिवाय मराठीत झोंबी म्हणजे अंगाशी भिडून केलेली झटापट. आनंद यादव यांच्या १९८७ सालच्या आत्मचरित्रात्मक कादंबरीचे नावही तेच. हा योगायोग अर्थास पोषकच आहे.

वस्तूंचेही तसेच. ‘धारदार शस्त्र’ न लिहिता ‘कोयता’ लिहावे. बीड जिल्ह्यातील दिंद्रुडच्या मुलास त्याचा उपयोग समजावून सांगावा लागणार नाही. परंतु याच जिल्ह्यातून ऊसतोडीस जाणाऱ्या नवराबायकोच्या जोडीस व्यवहारात ‘एक कोयता’ म्हणतात, आणि एकट्या मजुरास ‘अर्धा कोयता’. मुकादम उचल देतो ती या हिशेबाने. हे नाव कमालीचे सुटसुटीत आहे, आणि त्यातून माणूस मात्र नाहीसा झाला आहे. तेव्हा केवळ सुटसुटीतपणा म्हणजे स्पष्टता नव्हे. ज्ञान देणारे नाव वेगळे आणि हिशेबाच्या सोयीचे नाव वेगळे. जिवंत माणूस व चालते प्रेत यांतील भेद ओळखण्यावरच ज्या खेळात सारे अवलंबून, त्याच्या कर्त्याने तरी सोबत्यांची नोंद हत्यारांच्या यादीत करू नये.