वेळ कुणाचा मोजायचा?

मोठे वाहतूक प्रकल्प यशस्वी कसे करावेत, हा आजचा विषय. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांनी पुलांवर काय बोलावं, असं कुणाला वाटेल. बरोबर आहे, गर्डर किती जाड असावा ते आम्हाला कळत नाही. पण ‘यशस्वी’ हा शब्द मूल्याचा आहे, आणि मूल्यांशी आमचा थोडाफार जुना परिचय आहे.

या विषयावर सध्या सर्वाधिक ऐकलं जाणारं नाव म्हणजे डेन्मार्कचे बेंट फ्लिव्हबियर्ग. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २००२ साली वीस देशांतल्या २५८ वाहतूक प्रकल्पांचा हिशेब मांडला. दहापैकी नऊ प्रकल्पांत खर्च अंदाजापेक्षा जास्त झालेला, आणि रेल्वेच्या कामांत तर सरासरी ४५ टक्क्यांच्या आसपास. २०२३ च्या पुस्तकात त्यांचा सल्ला असा की विचार सावकाश करा, काम झटपट उरका. आणि अंदाज बांधताना आपल्याच प्रकल्पात डोकं खुपसून बसू नका. तसल्या इतर प्रकल्पांचं काय झालं ते बघा. आपल्याकडे शहाणी माणसं घरच्या लग्नाचा खर्च काढताना शेजारच्या लग्नाला किती लागले ते आधी विचारतात, तसंच हे. सल्ला चांगला आहे. आमची तक्रार मोजपट्टीबद्दल आहे, आणि ती अंधेरी-घाटकोपरला लावून बघितली की काय होतं ते सांगतो.

वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो. लांबी अवघी ११.४ किलोमीटर, १२ स्थानकं. पायाभरणी जून २००६, प्रत्यक्ष काम २००८ मध्ये सुरू, पहिली गाडी ८ जून २०१४ ला. खर्चाचा अंदाज २,३५६ कोटी होता, बांधणाऱ्या कंपनीच्या म्हणण्यानुसार तो ४,३२१ कोटींवर गेला. मग तिकीट किती असावं यावरून कोर्टकचेरी. म्हणजे फ्लिव्हबियर्ग यांच्या पट्टीवर हा नापास विद्यार्थी. पण साकीनाक्याच्या गर्दीत बसच्या दांड्याला लटकून ज्यांनी उमेदीची वर्षं काढली, त्यांना विचारा. वर्सोवा ते घाटकोपर एकवीस मिनिटं! ते या मेट्रोला अपयश म्हणतील का?

आता उलट बाजू. याच मेट्रोतून सकाळी घाटकोपरला उतरा. जिना, पूल, फलाट, सगळीकडे माणसाला माणूस चिकटलेला. मेट्रोच्या हिशेबात घाटकोपर हे शेवटचं स्टेशन, प्रवाशाच्या हिशेबात ते मधलं. त्याला पुढे दादरला, ठाण्याला जायचंय. मेट्रोची जबाबदारी जिथे संपते तिथे रेल्वेची सुरू होते, आणि प्रवासी नेमका त्या दोन वाक्यांच्या मधल्या स्वल्पविरामात उभा.

गोखले पुलाकडे या, म्हणजे हे जास्त स्पष्ट होईल. ३ जुलै २०१८ ला अंधेरीत या पुलाचा पादचारी भाग रुळांवर कोसळला, माणसं गेली. धोकादायक ठरलेला पूल ७ नोव्हेंबर २०२२ ला पूर्ण बंद झाला. नव्या पुलाची एक बाजू उघडली २६ फेब्रुवारी २०२४ ला. आणि तेव्हा सगळ्या शहराने पाहिलं की नवा पूल आणि शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल एकमेकांना भेटतच नाहीत! मध्ये साधारण एका पुरुषाच्या उंचीएवढा फरक. रुळांवरच्या पुलांची उंची वाढवण्याचे रेल्वेचे नवे नियम आले होते, त्यामुळे गोखले वर गेला आणि बर्फीवाला होता तिथेच राहिला. मग तज्ज्ञांचा सल्ला घेऊन जॅक लावून बर्फीवाल्याचा भाग उचलला, जुलै २०२४ मध्ये एक बाजू जुळली. पूर्ण पूल खुला झाला ११ मे २०२५ ला.

यावर लोक खूप हसले. आम्हाला हसण्यापेक्षा एक प्रश्न महत्त्वाचा वाटतो. इथे विचार कमी पडला का? रुळांवरच्या भागाचा विचार रेल्वेने केला होता, दोन्हीकडच्या रस्त्यांचा महापालिकेने. आपापल्या कुंपणात प्रत्येकाने कितीही सावकाश विचार केला तरी कुंपण तिथेच राहतं. ‘सावकाश विचार करा’ हा उपदेश, विचार कोण करणार आणि कशाचा, हे ठरल्यावरच कामाचा. शिवाय पूल बंद होता ते साडेपंधरा महिने अंधेरीकरांनी पूर्व-पश्चिम करताना जो वेळ घालवला, तो प्रकल्पाच्या कुठल्या खात्यात जमा झाला? कुठल्याच नाही. तिथे फक्त कंत्राटाचा कालावधी मोजला जातो.

सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्याचं उदाहरण याहून अवघड. जागतिक बँकेच्या पैशावर सुरू झालेला हा रस्ता २०१४ मध्ये खुला झाला. मधल्या काळात, २००४ पासून, विस्थापित होणाऱ्या रहिवाशांनी आणि दुकानदारांनी बँकेच्या तपासणी मंडळाकडे तक्रारी केल्या. चौकशी झाली आणि मार्च २००६ मध्ये बँकेने काही महिने पैसे रोखले. प्रकल्पाच्या भाषेत याचं नाव ‘विलंब’. पण ज्याचं दुकान जाणार होतं त्याच्या दृष्टीने, त्याचं म्हणणं कुणीतरी कागदावर घेतलं तो हाच काळ. फ्लिव्हबियर्ग म्हणतील, हे ऐकणं आधीच उरकायला हवं होतं. मान्य. पण आधी कुणी ऐकलं नाही, तर मग कामाच्या झपाट्यात ऐकायची सोय ठेवायची की नाही?

अल्बर्ट हर्शमन यांनी १९६७ मध्ये वेगळंच मांडलं होतं. अडचणी आधी दिसत नाहीत हे बरंच, नाहीतर माणूस मोठं काम हातातच घेणार नाही. संकट आल्यावर अक्कल चालते. फ्लिव्हबियर्ग यांनी आकडे घेऊन त्यांची चांगलीच झाडाझडती घेतली आहे. आमच्या मते त्या वादात फ्लिव्हबियर्ग बरोबर आहेत. मात्र दोघेही बसलेत बांधणाऱ्याच्या खुर्चीत.

आता संजय गांधी उद्यानाच्या डोंगराखालून गोरेगाव-मुलुंड आणि ठाणे-बोरिवली असे जोडबोगदे होत आहेत. १३ जुलै २०२४ ला दोन्हींचं भूमिपूजन झालं. इतक्या मिनिटांत पलीकडे, असे आकडे आपण वाचतो. ती मिनिटं कुठून कुठपर्यंतची? बोगद्याच्या तोंडापासून तोंडापर्यंतची, की बोरिवलीच्या घरापासून ठाण्याच्या कचेरीपर्यंतची? बाहेर पडलेल्या गाड्या पुढच्या सिग्नलला किती वेळ उभ्या राहणार, बसला तिथे थांबा मिळणार का, हे कुणाच्या फायलीत आहे? आज श्रोत्यांत मुलुंडकर आणि बोरिवलीकर बरेच दिसताहेत. प्रश्नोत्तरांची सुरुवात त्यांच्यापासून करू या.