तगराचा स्थलनिर्णय व तेरचीं नित्याचीं ठिकाणें

प्राचीन तगर नगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यांतील तेरणेच्या कांठचें तेर हें गांव होय, हा निर्णय डॉ. फ्लीट यांनीं इ. स. १९०१ मध्यें लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत मांडला. पुढें झालेल्या उत्खननांनीं तो दृढ केला असून त्याविषयीं आमचा वाद नाहीं. परंतु तो प्रश्न ज्या रीतीनें चालला व मिटला, त्या रीतीची छाया तेरविषयक पुढील बहुतेक लेखनावर पडली आहे, आणि ती इष्ट आहे असें आम्हांस वाटत नाहीं. शहर कोठें होतें हें ठरलें. त्या शहरांतील माणसें पाणी कोठें भरीत, गाड्या कोठें सोडीत, चार घटका बसावयास कोठें जात, हा प्रश्न मात्र फारसा कोणीं केला नाहीं.

प्रथम वादाकडे पाहूं. विल्फर्ड यांनीं 'एशियाटिक रिसर्चेस'च्या पहिल्याच भागांत तगर म्हणजे देवगिरि असें प्रतिपादिलें. पंडित भगवानलाल इंद्रजी यांस जुन्नर योग्य वाटलें. डॉ. भांडारकर यांनीं धारूरचें नांव सुचविलें. यांपैकीं पहिल्या दोन मतांचें निरसन करण्यास साधा नकाशा पुरे आहे. पेरिप्लसकार तगर पैठणच्या पूर्वेस सांगतो, आणि देवगिरि पैठणच्या वायव्येस तर जुन्नर पश्चिमेस आहे. असे थोर पंडित इकडे वळले कसे? आमच्या मतें त्याचें कारण उघड आहे. देवगिरीस किल्ला आहे, जुन्नरास लेणीं आहेत. 'अति मोठें शहर' म्हटलें कीं डोळ्यांत भरणारें कांहीं तरी हवें, अशी समजूत त्यांच्या अनुमानाच्या मुळाशीं होती. तेरास दाखविण्यासारखें काय होतें? एक बेताचें विटांचें देऊळ आणि पांढरीचीं टेकाडें.

फ्लीट यांचा विशेष असा कीं, त्यांनीं या मोहास दूर ठेवून शब्द व अंतर यांवर भर दिला. 'नगर' शब्दाचें जसें 'नेर' होतें (अमळनेर, जामनेर, पिंपळनेर हीं उदाहरणें वाचकांस परिचित आहेतच), तसें 'तगर' शब्दाचें 'तेर' होतें. मधल्या गकाराचा लोप हा प्राकृताचा नित्य नियम आहे. अंतराचा हिशेबही जुळतो. भडोच ते पैठण वीस दिवस व पैठण ते तगर दहा दिवस असें पेरिप्लसांत आहे. नकाशावर सरळ रेषेनें पहिलें अंतर सुमारें २२० मैल व दुसरें सुमारें ९५ मैल भरतें. म्हणजे दिवसाची मजल अनुक्रमें ११ व साडेनऊ मैलांची झाली. भरलेल्या गाडीस ही चाल शोभण्यासारखी आहे.

दिशेची अडचण मात्र राहते. तेर हें पैठणच्या पूर्वेस नसून आग्नेयेस, किंबहुना आग्नेयेहूनही दक्षिणेकडे आहे. स्थलनिर्णय मान्य करणारे बहुतेक लेखक या अडचणीवरून हळूच पाय काढतात. आम्हांस ती अडचण न वाटतां उलट उपयोगाची वाटते. पेरिप्लसचा कर्ता समुद्रावरचा माणूस होता. भडोचचें बंदर, तेथील भरती-ओहोटी, तेथें उतरणारा माल हें तो स्वतः पाहिल्याप्रमाणें सांगतो. पैठण व तगर त्यास ऐकून ठाऊक आहेत. बंदरांत आलेल्या गाडीवानानें 'पैठणाच्या पुढें उगवतीकडे दहा मजला' असें म्हटलें असल्यास त्यास कोन मोजून कोण पाहणार? मग याच कर्त्यानें तगरास अति मोठें शहर कशावरून म्हटलें? तेथील राजवाडा किंवा देऊळ त्यानें पाहिलेलें नाहीं व त्याचा उल्लेखही केलेला नाहीं. तो सांगतो तें एवढेंच कीं, तेथून साधें कापड पुष्कळ, तलम वस्त्रें नाना प्रकारचीं, आणि इतर माल मोठ्या बिकट आडरानांतून गाड्यांवर लादून भडोचेस येतो. तगराचा मोठेपणा त्यानें कापडाच्या गठ्ठ्यांवरून मोजला. तेव्हां ज्या ग्रंथाच्या आधारानें हें शहर आपणांस मिळालें, त्या ग्रंथाप्रमाणें त्याचीं प्रमुख स्थळें म्हणजे विणकरांच्या आळ्या, रंगाऱ्यांचे पाणवठे, गाड्यांचा तळ आणि नदीचा उतार हींच ठरतात.

असें असतां पुढील लेखन कोणत्या वाटेनें गेलें? कझिन्स यांनीं तेरचीं देवळें पाहून पुराणवस्तु खात्याच्या इ. स. १९०२-०३ च्या वृत्तांतांत त्यांचें वर्णन दिलें. त्रिविक्रमाचें विटांचें देऊळ, त्याची अर्धवर्तुळाकार पाठ व गाडीच्या टपासारखें छप्पर, हें जगापुढें प्रथम आणण्याचें श्रेय त्यांचें आहे. हें मूळचें बौद्ध चैत्यगृह असून मागून विष्णूचें देऊळ झालें, हें त्यांचें मत. तेव्हांपासून मूळ इमारत बौद्ध कीं ब्राह्मणी या एकाच प्रश्नाभोंवतीं चर्चा फिरत राहिली. गुंटूर प्रांतांतील चेझर्ल्याचें कपोतेश्वराचें देऊळ याच घाटाचें असल्यानें तुलनेस जागा मिळाली व वाद लांबला. प्रश्न क्षुल्लक नव्हे. पण पुढील सभामंडप उत्तरकालीन, एवढें म्हणून लेखक मंडपाची बोळवण करतात, हें आम्हांस खटकतें. हा मंडप जोडण्याची गरज गांवास कां पडली? मूळच्या अरुंद इमारतींत न मावणारा समुदाय येथें जमूं लागला, हा त्याचा अर्थ नव्हे काय? एकाच जागीं इतकीं शतकें माणसें येऊन बसत आहेत, या गोष्टीस पुराव्याचें मोल कोणीं दिलेलें नाहीं.

ताम्रपटांच्या बाबतींतही हेंच झालें. 'तगरपुरवराधीश्वर' ही शिलाहारांची पदवी कोंकणांत व कोल्हापुरास कशी मिरवली गेली याची चर्चा विपुल आहे. उलट इ. स. ६१२ च्या सुमाराच्या, दुसऱ्या पुलकेशीच्या हैदराबाद ताम्रपटांतील प्रतिग्रही ब्राह्मण तगराचा रहिवासी म्हटला आहे, ही ओळ केवळ स्थलनिर्णयापुरती वापरून बाजूस ठेवण्यांत आली. राजे पदवी लावीत त्या काळीं शहर त्यांच्या हातीं होतेंच असें नाहीं. पण हा ब्राह्मण तेथें खरोखर राहत होता.

इ. स. १९५८ मध्यें श्री. चापेकर यांनीं उत्खनन केलें व पुढील दोन दशकांत आणखीही खोदकाम झालें. त्यांत सातवाहनकालीन वस्ती, विटांचा चक्राकार पायाचा स्तूप व चैत्यगृह उजेडांत आलें. खोदलेलें क्षेत्र टेकाडांच्या मानानें अल्प आहे. तेरची खरी संपत्ति आज कै. रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नांवाच्या संग्रहालयांत आहे. एका गृहस्थानें आयुष्य वेंचून केओलिन मातीच्या पुतळ्या, मणी, शंखाच्या बांगड्या, दिवे, मुद्रा हें सर्व जमविलें. त्यांच्यावांचून हें सारें पांगलें असतें. उत्तरेश्वराच्या देवळाची कोरीव लांकडी चौकटही आतां तेथेंच सुरक्षित आहे. तेथील हस्तिदंती स्त्रीमूर्तीनें तर तेरचें नांव दूरवर नेलें, इ. स. ७९ मध्यें राखेखालीं गेलेल्या पाँपेई शहरांत इ. स. १९३८ सालीं सांपडलेल्या मूर्तीशीं तिचें साम्य सर्वमान्य आहे. तथापि या संग्रहांतील बहुसंख्य वस्तु उत्खननांतून आलेल्या नाहींत. वस्तु आहे, तिचा काळ अदमासानें सांगतां येतो, पण ती कोणत्या टेकाडाची, नदीच्या बाजूची कीं वेशीच्या, हें सांगतां येत नाहीं. संग्राहकांच्या वर्गांत आम्हीही मोडतों, म्हणून हें स्पष्ट लिहिण्यास संकोच वाटत नाहीं. बांगड्यांचे शंभर तुकडे एका जागीं मिळाले असते तर ती कासाराची आळी ठरली असती. शंभर जागांहून येऊन एका पेटींत पडले म्हणजे ते शंभर तुकडेच राहतात.

यांत भर मराठवाड्याच्या घरबांधणीची. धाब्याच्या घरांवर घालावयाची पांढरी माती लोक पिढ्यान् पिढ्या जुन्या पांढरीवरूनच आणीत आले आहेत. कोणत्या घराच्या माळवदावर प्राचीन शहराचा कोणता थर पसरला आहे, हें आतां कोण सांगणार?

तरीही साधनें संपलेलीं नाहींत. तेरास गोरोबाकाकांची समाधि आहे व त्यांचें म्हणून एक घरही दाखवितात. चिखल तुडवितांना भजनाच्या तंद्रींत पोर पायांखालीं आल्याची कथा सर्वांस ठाऊक आहे; तिचा ऐतिहासिक विचार येथें कर्तव्य नाहीं. पण कुंभाराच्या कामास नदीजवळची चिकण माती, पाणी आणि वस्तीच्या कडेस भट्टी लागते, आणि या गरजा राजवटींबरोबर बदलत नाहींत. सातवाहनकालीं ज्या गांवांत सांच्याच्या सुबक पुतळ्या घडत होत्या, त्याच गांवांत तेराव्या-चौदाव्या शतकांत महाराष्ट्रास पूज्य झालेला कुंभार निपजला. दोहोंच्या भट्ट्या जवळपास होत्या काय, हें गांवच्या शिवाराची व आळ्यांची जुनीं नांवें पाहूनच तपासतां येईल. हा शोध उत्खननाहून स्वस्त आहे आणि तो आपल्या वाचकांच्या हातचा आहे.

ज्यांच्या दप्तरांत तेर, ढोकी अथवा तेरणेच्या कांठच्या इतर गांवांचे महजर, वतनाचे तंटे, शेतांच्या चतुःसीमा किंवा देवळांच्या दिवाबत्तीचे कागद असतील, त्यांनीं ते केवळ शिक्क्यांसाठीं व सरदारांच्या नांवांसाठीं वाचूं नयेत. त्यांत आलेलीं वेस, पार, उतार, घाट, बारव, आळी यांचीं नांवें, कागदाच्या मितीसह व मूळ शब्द न बदलतां, उतरून आमच्याकडे पाठवावींत. पांढरीच्या टेकाडांस गांवकरी कोणत्या नांवानें ओळखतात हें ज्यांस ठाऊक असेल, त्यांनीं तेंही लिहावें; कागद नसला तरी चालेल.